शिवणबाईंच्या फोनवर चाललेली शाळा

शिवणबाईंना राग आला की त्या खणातली कातर काढून पुसत बसतात. शिंप्याच्या दुकानात असते तशी लांब, जड, काळ्या मुठीची कातर. शाळेत शिवण बंद होऊन कैक वर्षं झाली, कापडाची चिंधी दृष्टीस पडत नाही, पण त्या कातरीला अजून गंज चढलेला नाही. बाईंना राग किती वेळा येत असेल, याचा अंदाज यावरून करावा.

शाळा सरकारी. मोठ्या रस्त्यावरून एक उतार सरळ खाली येतो आणि जुन्या दगडखाणीच्या पोटात संपतो, तिथे ती बांधलेली आहे. मागे खाणीची कापलेली भिंत, पुढे उतार, मध्ये शाळा. जागा फुकट मिळाली म्हणून इथे बांधली असं जुने लोक सांगतात. बघणाऱ्याला ते सांगावं लागत नाही.

बाई इथे लागल्या त्या शिवणकाम शिकवायला. अगदी टोकाची खोली त्यांची. पायमशीनं ओळीनं मांडलेली, खिडकीशी इस्त्रीचं टेबल, खिळ्यांवर मापाच्या फिती लटकलेल्या. नियमाप्रमाणे तास फक्त मुलींचा होता, पण बाई मुलांनाही बसवायच्या. "बटण तुटलं की आईकडे पळता, उद्या बायकोकडे पळाल. बसा, सुई ओवा," असं म्हणून त्यांनी भल्याभल्या दांडगोबांना काजं करायला लावलं. मशीनांना तेल त्या स्वतः घालायच्या. शाळेच्या शिपायावर त्यांचा तेवढा विश्वास नव्हता आणि ते शिपायालाही सोयीचं होतं.

मग एका वर्षी वरून हुकूम आला की शिवण हा विषय बंद. दुसऱ्या आठवड्यात दारात टेम्पो उभा. दोन माणसं मशीनं उचलून नेत होती, आणि आदल्या दिवशीचे अर्धे शिवलेले उशीचे अभ्रे अजून सुयांखाली अडकलेले होते.

"कुठे नेताय?" बाईंनी विचारलं.

"जिथे वापर आहे तिथे," टेम्पोवाला म्हणाला.

बाई मूग गिळून गप्प बसल्या. नोकरी टिकते की जाते हे ठाऊक नव्हतं, घरात सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या, पोरगी लहान. अभ्रे सुयांखालून सोडवून घेतले आणि खोलीला कुलूप लावलं. ती एक कातर तेवढी त्यांच्या पिशवीत राहिली. ती कोणी मागितली नाही आणि त्यांनी दिली नाही.

पुढे संगणक आले. खोली रिकामी, बाई रिकाम्या, तेव्हा हेडसरांनी दोघींची सांगड घातली. बाईंना संगणकातलं ओ की ठो कळत नव्हतं. त्यांनी ते कॉलेजात जाणाऱ्या लेकीकडून शिकून घेतलं, आणि ते शिकणं काही सुखाचं नव्हतं. "आई, हळू गं. ते मशीनचं पायडल नाही," असं लेकीनं चारदा ऐकवल्यावर बाईंनी तिचाही कान धरला होता. पण शिकल्या. नुसत्या शिकल्या नाहीत, तर त्यात रमल्या. पडद्यावर कॉलरचं, बाहीचं माप कसं आखायचं हे त्यांनीच शोधून काढलं, आणि मुलं आपापल्या मापाचे सदरे संगणकावर बेतायला लागली. कापड नव्हतं, पण बेतणं परत आलं. बाईंना त्या खोलीत पुन्हा आपलं वाटायला लागलं.

संगणक आले, पण इंटरनेटची वायर काही आली नाही. "ती मागाहून येणार" असं सांगून आणणारे गेले. त्या खड्ड्यात मोबाइलची रेंज म्हणाल तर एकाच कंपनीची, आणि तीही टोकाच्या खोलीच्या खिडकीतच. बाई दिवसभर त्याच खोलीत बसायच्या म्हणून त्यांनी त्या कंपनीचं कार्ड घेतलं, लेकीचा फोन लागावा म्हणून. घोडचूक झाली.

कारण त्याच सुमारास मुलांची हजेरी रोज सकाळी ऑनलाइन पाठवायची टूम निघाली. शाळेला एक टॅब मिळाला आणि हेडसर तो घेऊन खिडकीशी येऊन उभे राहिले.

"बाई, तुमचं नेट जरा लावता का? आजच्या दिवस."

त्या आजच्या दिवसाला पुढे काही वर्षं लागली. हजेरी गेली, मग पोषण आहाराचे तक्ते गेले, मग शिक्षकांच्या रजा, पुस्तकांची मागणी, वरून आलेल्या भाषणांचे व्हिडिओ बघितल्याचे पुरावे, सगळं त्याच खिडकीतून गेलं. शाळेतले सगळे मास्तर टॅब हातात धरून ओळीनं उभे राहायचे आणि बाई फोन खिडकीच्या गजाला टेकवून ठेवायच्या. रिचार्ज बाईंचा. कुणीही ते कार्ड घेऊ शकत होतं, दुकान वर रस्त्यावरच होतं. कुणी घेतलं नाही. बाई आहेत ना!

त्या फोनवर एक टॅब कसाबसा चालायचा, खोलीभर संगणक चालणं शक्यच नव्हतं. बाईंनी एकदा मुलींना एक धडा उघडून दाखवायचं ठरवलं, तर तास संपेपर्यंत पडद्यावरचं गोल चक्र फिरत राहिलं. "बाई, हे कधी थांबतं?" एका मुलीनं विचारलं. ज्या प्रश्नाचं उत्तर देता येत नाही त्याचा बाईंना फार राग येतो.

खरा राग आला तो दवाखान्यात. बाईंचा नवरा पाण्याचा टँकर चालवतो. शांत माणूस, बाईंच्या वाट्याचंही शांत राहून घेणारा. त्याचं हर्नियाचं ऑपरेशन होतं म्हणून बाईंनी रजा टाकली होती. त्याला आत नेलं, बाई बाहेरच्या बाकावर हात जोडून बसल्या, आणि जिन्यावरून शिपाई वर आला. काखेत पिशवी, पिशवीत टॅब.

"सर म्हणाले, बाईंना त्रास देऊ नको. फक्त नेट लावून घे."

बाईंनी त्याच्याकडे असं बघितलं की दुसरा माणूस जिन्यावरून परत गेला असता. पण शिपाई कैक वर्षं सरकारी नोकरीत मुरलेला, तो त्यांच्या शेजारी बसला. बाईंनी फोन लावून दिला. थोड्या वेळानं दार उघडलं, नर्सनं "नातेवाईक कोण?" म्हणून हाक मारली, बाई उठल्या, तर शिपायानं त्यांच्या पदराचं टोक धरलं.

"बाई, फोन घेऊन जाऊ नका. दोन वर्ग राहिलेत."

फोन बाकावर ठेवून बाई नवऱ्याकडे गेल्या. दुपारी त्याला शुद्ध आली, घडलेलं सगळं त्यानं ऐकून घेतलं, आणि कोरड्या ओठांनी म्हणाला, "माझी हजेरी लावलीस का?" बाई खळखळून हसल्या. हसू ओसरलं तसा राग आला, आणि तो मात्र ओसरला नाही.

अशात ती योजना आली. प्रत्येक सरकारी शाळेला वेगवान इंटरनेट, वर्गावर्गात वाय-फाय, त्यासाठी सरकारनं निधी मंजूर केलेला. हेडसरांनी प्रार्थनेनंतर बातमी वाचून दाखवली, मुलांनी टाळ्या वाजवल्या, आणि सगळ्यांत जोरात बाईंनी वाजवल्या. वरच्या रस्त्यावरच्या शाळेत वायर आली. पुलापलीकडच्या शाळेत आली. तिथल्या छतांवर पांढऱ्या थाळ्या बसल्या आणि त्यांवर हिरवे दिवे लुकलुकायला लागले. इकडे मात्र कोणी फिरकलं नाही. त्याऐवजी हेडसरांना निरोप आला की तुमच्या शाळेतले संगणक वापरात नाहीत, ते लवकरच हलवण्यात येतील.

बाईंच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. त्यांनी अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि शिक्षण कार्यालय गाठलं.

तिथले साहेब वयानं बाईंच्या धाकट्या भावाएवढे, बोलायला गोड. त्यांनी खुर्ची दिली, पाणी मागवलं.

"मॅडम, तुमची शाळा म्हणजे आमची सगळ्यात चांगली शाळा," ते म्हणाले. "हजेरी एक दिवस चुकलेली नाही. बाकीच्यांना आम्ही तुमचं उदाहरण देतो."

"मग आमची वायर कुठे आहे?"

"तुम्हाला कशाला हवी? निधी आला तो नेट नसलेल्या शाळांसाठी. तुमच्याकडे आहे. असल्याशिवाय का रोज वेळेवर हजेरी येते?"

"शाळेत नेट नाहीये साहेब. माझा फोन आहे."

"फोनवर नेट आहे ना?"

"माझ्या फोनवर आहे. शाळेला नाही."

"पण फोन शाळेत असतो."

बाईंनी एकदा छताकडे बघितलं. कातर घरी, म्हणजे शाळेत, राहिली होती आणि ते साहेबांच्या पथ्यावर पडलं.

"बरं," त्या म्हणाल्या, "मग संगणक का उचलताय?"

साहेब जरा संकोचले. "म्हणजे कसं, मॅडम, नेट असून तुमचे संगणक एकदाही नेटवर आलेले दिसत नाहीत. वरून विचारणा होते. सोय आहे आणि शिकवणारे वापरत नाहीत, असा अर्थ निघतो. म्हणून मग जिथे वापर आहे तिथे..."

तेच शब्द. इतक्या वर्षांनी, दुसऱ्या माणसाच्या तोंडून, तेच. बाई उठल्या. पाण्याचा पेला तसाच राहिला.

घरी येईपर्यंत त्यांच्या अंगाचा नुसता तिळपापड झाला होता. साहेबांचा राग होताच, हेडसरांचा होता, पण सगळ्यांत जास्त राग हातातल्या त्या फोनचा आला. रोज सकाळी त्यांनी शाळेची अब्रू राखली आणि राखता राखता शाळेच्याच तोंडचा घास काढून घेतला. आणि वर आळशीपणाचा शिक्का कोणावर? ज्यांनी त्या खोलीसाठी जिवाचं रान केलं, त्यांच्यावर.

नवऱ्यानं सगळं ऐकलं. "अगं, भिंत तू धरून उभी आहेस म्हणून ती पडत नाही," तो म्हणाला, "आणि पडत नाही म्हणून कोणी बांधत नाही. हात काढून घे."

"आणि अंगावर पडली तर?"

"मग निदान पडली हे तरी दिसेल."

दुसऱ्या दिवशी सकाळी हेडसर टॅब घेऊन खिडकीशी आले. फोन टेबलावर पडलेला होता, बंद. बाई कातर पुसत होत्या.

"बाई, नेट."

"नाही, सर. माझं नेट शाळेच्या नावावर चढलंय, आणि त्यापायी माझी खोली जाणार आहे. आजपासून शाळेत नेट नाही."

"अहो, माझ्या निवृत्तीला काही महिने राहिलेत. सबंध नोकरीत एक लाल शेरा नाही. आता शेवटी का डाग लावता?"

"तुमच्या शेऱ्यासाठी माझे संगणक टेम्पोत चढवू? एकदा चढवून झालंय. आता नाही."

हेडसरांनी शिपायाला रस्त्यावर पिटाळायचं ठरवलं, कारण वर चढून गेलं की सगळ्यांच्याच फोनना रेंज मिळते. शिपायानं गुडघ्यांवर हात ठेवला आणि डॉक्टरांचा सल्ला सांगितला. मास्तरांना एकाएकी तपासायच्या वह्या आठवल्या. शेवटी हेडसर स्वतः निघाले. एका हातात टॅब, दुसऱ्या हातात छत्री, सबंध चढ, भर उन्हात. वर जाऊन हजेरी पाठवायची, तिथेच दुसरं काहीतरी मागवल्याचं कळायचं, ते घ्यायला खाली यायचं, की पुन्हा वर. मुलं वर्गातून बघत होती. बाईही बघत होत्या आणि त्यांना जराही वाईट वाटलं नाही. इतकी वर्षं जे त्यांच्या खिडकीत फुकट मिळत होतं, त्याची किंमत तो चढ हेडसरांना सांगत होता.

आठवडाभरात हेडसरांच्या पोटऱ्यांत गोळे आले आणि त्यांच्या बोलण्याचा सूर पालटला. "ही काही शाळा चालवायची पद्धत आहे का?" असं त्यांनी रस्त्यावरूनच शिक्षण कार्यालयाला फोन करून विचारलं, अगदी बाईंच्या आवाजात. पाहणीला माणूस पाठवा म्हणाले.

पाहणीला तेच साहेब आले. त्यांनी खोली बघितली, संगणक सुरू करून बघितले, छताकडे, भिंतींकडे बघितलं. वायर नव्हतीच, ती दिसणार कुठून. मुलींनी त्यांना पडद्यावर बेतलेले सदरे दाखवले, तेव्हा साहेब खरोखर हरखले. "हे तुम्ही शिकवलंत, मॅडम? मग संगणक वापरात नाहीत असं कसं म्हणायचं?" माणूस वाईट नव्हता. त्यानं आपल्या टॅबवर लिहिलं, शाळेत इंटरनेट नाही, तातडीनं द्यावं. लिहिलेलं बाईंना वाचूनही दाखवलं. हेडसरांनी सुटकेचा निःश्वास टाकला. मग साहेबांनी पाठवायचं बटण दाबलं.

चक्र फिरायला लागलं.

साहेबांनी टॅब वर धरला, दाराकडे नेला, परत आणला. "रेंज नाही इथे," ते म्हणाले.

"तेच तर आत्ता तुम्ही लिहिलंत," बाई म्हणाल्या.

"हो, पण हा अहवाल शाळेच्या आवारातूनच पाठवावा लागतो, ठिकाणाची नोंद होते ना. कुणाचं तरी नेट मिळेल का? एक मिनिटभर?"

हेडसर, शिपाई, दोन मास्तर, सगळ्यांच्या माना एकाच वेळी बाईंकडे वळल्या.

"द्या बाई," हेडसर हळूच म्हणाले. "आता तर आपल्याच भल्यासाठी आहे."

बाईंचा हात फोनकडे गेला आणि तिथेच थांबला. "साहेब, एक सांगा. माझ्या फोनवरून हे इथून गेलं, तर वर काय दिसेल?"

साहेबांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. "अहवाल... शाळेतून थेट आला, असं दिसेल."

"म्हणजे शाळेत नेट आहे, असं."

"ती नोंद आपोआप होते, मॅडम. माझ्या हातात नाही."

"म्हणजे अहवालात तुम्ही लिहिणार, नेट नाही, आणि यंत्र वर लिहिणार, नेट आहे. आणि इथून पाठवलं नाही तर?"

"तर पाहणी झालीच नाही, असं धरतात. मग संगणक..."

पाठीमागे एका मुलीनं आपला बेतलेला सदरा बंद केला.

बाईंनी फोनची मागची बाजू नखानं उघडली. कार्ड काढलं, तळहातावर घेऊन एकदा बघितलं. लेकीचे फोन त्याच्यावर यायचे, नवऱ्याच्या टँकरमालकाचे यायचे, नंबर सगळ्या नात्यागोत्यात पाठ होता. मग त्यांनी कातर उचलली आणि कापड कापावं तसं ते कार्ड मधोमध कापलं. दोन तुकडे साहेबांच्या टॅबशेजारी टेबलावर ठेवले.

"मॅडम, हे काय केलंत?"

"शाळेचं नेट बंद केलं," बाई म्हणाल्या. "तुमच्याकडे लिहिलेलं होतं ना, शाळेला नेट आहे? ते हे. आता नाही. आता काय करायचं ते तुम्ही करा, पण माझ्यावर टाकून जाऊ नका."

आवाज न चढवता त्यांनी कातर पुसायला घेतली.

साहेब उठले आणि चढाला लागले. वर जाऊन त्यांनी आपल्या वरच्यांना फोन केला. वरच्यांनी फोटो मागितला, साहेब खाली आले. फोटो काढला, वर गेले. फोटोत फळा दिसत नाही म्हणून पुन्हा खाली आले. तिसऱ्या खेपेला त्यांचा सदरा पाठीला चिकटलेला होता आणि गोड बोलणं संपलेलं होतं. वर रस्त्यावर उभे राहून ते फोनवर कुणावर तरी असे तडकले की शब्द कळले नाहीत, पण आवाज पार खोलीपर्यंत आला. तो राग बाईंनी लगेच ओळखला. तो त्यांचाच होता, फक्त आता योग्य माणसाकडे निघाला होता.

त्यानंतर काही दिवसांनी उतारावरून गाडीचा आवाज आला. मुलं खिडकीला चिकटली. टेम्पो होता. बाई उठून दारात जाऊन उभ्या राहिल्या, हातात कातर तशीच. दोन माणसं उतरली, आणि त्यांनी टेम्पोतून काही उचलून न्यायच्या ऐवजी काढून खाली ठेवलं. वायरचं भलं मोठं भेंडोळं आणि पांढऱ्या थाळ्यांची खोकी.

दुपारपर्यंत भिंतीला भोकं पडली, वायर आली, छताला थाळी लागली. बाई सबंध वेळ दारातून हलल्या नाहीत. शेवटी त्यातला एक माणूस शिडीवरून उतरला, हात पुसले आणि त्यांच्याकडे बघून हसला.

"झालंच, बाई. फक्त चालू करायला मोबाइलवर एक नंबर मागवावा लागतो. आमच्या फोनला इथे रेंज येत नाही. तुमचं नेट जरा लावता का?"

बाईंनी कातरीच्या टोकानं चढ दाखवला.

"वर रस्त्यावर मिळतं," त्या म्हणाल्या. "जाऊन या. आम्हाला थांबायची सवय आहे."